पहिलं पाणी धन्याच्या नावानं

आक्का,

अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखनाच्या चुका फार आहेत, त्याबद्दल आधी माफी मागते. चौथीपर्यंतच शिकले आहे, सांभाळून घ्यावे.

ही ओळ ऐकून तुम्ही काय म्हणाला असता ते मला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाला लिहिलेल्या प्रत्येक कार्डाची सुरुवात मी याच ओळीनं करायची. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून चुलीपाशी बसून तुम्ही मला कार्ड मोठ्यानं वाचायला लावायच्या. पहिली ओळ कानावर पडली की तुमचा हात कपाळावर. "अगं, घोंगडं विकायलीस का गुन्हा कबूल करायलीस? खोड ती ओळ." मी खोडायची नाही. तुम्ही रागावायच्या, मी मान खाली घालून पुढचं वाचायची. इतकी वर्षं हा वाद चालला आणि मिटला नाही. म्हणून आजही तीच ओळ वर लिहिली आहे. खोड म्हणणारं कुणी नाही, आणि तेच मला सहन होत नाही.

तेरावा होऊन गेला. पाहुणे आपापल्या गावाला गेले. भेटायला येणारी प्रत्येक बाई तुमच्याबद्दल म्हणते, "बिचारी गया." मी नुसती मान हलवते, पण मनात म्हणते, बिचारी कोण? भर बाजारात जिंतूरच्या व्यापाऱ्याला "घोंगडं घ्यायला आलाव का माजी परीक्षा घ्यायला?" असं विचारणारी? नवरा गेल्यावर तुम्ही भावाच्या घरी आलात ते पाच शेळ्या हाताशी धरून. ओट्यावर बसायच्या आधी म्हणालात, "भाकर तुमची, दूध माजं. उपकार कुनाचेच न्हाईत." मी तेव्हा तुमच्या भावाची बायको होऊन या घरात नवीच आले होते. तुमची मला भीती वाटली आणि त्याच वेळी वाटलं, आपल्यालाही असं एक वाक्य बोलता आलं पाहिजे.

मला कुठं बोलता येत होतं? सूत आपण दोघी काढायचो, तुमचे भाऊ मागावर विणायचे, आणि चारठाण्याच्या बाजारात विकायचं काम तुमचं. एकदा तुम्ही मला बळंच सोबत नेलं. घोंगड्यांच्या ढिगामागं मी पदर ओढून बसले. तुम्ही चहाला गेलात आणि नेमकं एक म्हातारं गिऱ्हाईक आलं. "काय भाव, बाई?" मी मातीकडं बघत राहिले. "निव्वळ काळी लोकर हाय का?" मी गप्प. त्यानं शेजारच्या दुकानदाराला विचारलं, "मुकी हाय काय ही?" आणि त्याच्याकडूनच घोंगडं घेऊन गेला. तुम्ही आल्यावर त्या दुकानदारानं सगळ्यांना ऐकू जाईल असं ते सांगितलं. मला वाटलं, आता काही खरं नाही. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघून एवढंच म्हणालात, "तोंडाला बी खळ लावून आलीस का गं घरून?"

ती खळच पुढं आपल्या मुळावर उठली आणि तिनंच आपल्याला तारलं. तुम्हाला हे मी काय सांगावं, पण लिहायला बसलं की सगळं ओळीनं आठवतं. चिंचोके भाजायचे, दळायचे, शिजवायचे आणि ती चिकट पेज सुताला लावायची, म्हणजे विणताना धागा तुटत नाही. त्यानं नवं घोंगडं फळीसारखं कडक व्हायचं. बाजारात तीच त्याची खूण होती. गिऱ्हाईक घडी उभी करून बघायचं. उभी राहिली तर कोरं, लवली तर वापरलेलं. घरी नेल्यावर ज्याचं त्यानं ते नदीवर तुडवून धुवायचं. कोऱ्या घोंगड्याला पहिलं पाणी धन्याच्या हातचं, ही रीत तुमच्या आईपासून चालत आलेली. विकणाऱ्यानंच धुतलं तर त्यानं काहीतरी लपवलं, असंच माणसं समजायची.

येलदरीच्या धरणावर कॉलनीत तुम्ही शेळीचं दूध घालायला जायच्या. तिथल्या एका वहिनींनी देवापुढं बसायला आपल्याकडून घोंगड्याचं लहान आसन करून घेतलं, मग मोठं घोंगडं घेतलं. त्यांच्या साहेबांची बदली नाशिककडं झाली तेव्हा तुम्हाला वाटलं, एक गिऱ्हाईक गेलं. थोड्या दिवसांनी रहीमचाचा पोस्टमन सायकल लावून दारात उभे राहिले. "भाभी, तुम्हारे नाम का कारड है."

माझ्या नावाचं ते पहिलं कार्ड. घरात वाचणारी मी एकटीच, हे वहिनींना ठाऊक होतं. त्यांनी लिहिलं होतं, शेजारणींना घोंगडी हवी आहेत, व्हीपीनं पाठवा.

"व्हीपी म्हंजे कोन?" तुम्ही विचारलं.

"कोन नै आक्का, तरीका है," चाचा म्हणाले. "पार्सल पोस्ट में देना. उधर का पोस्टमन पैसे लेताच उसके हात में देता. फिर पैसे मनिआर्डर से तुम्हारे घर कू आते."

"आन त्यानं न्हाई घेतलं तर?"

"तो वापस. टिकट के पैसे गये."

तुम्ही मला म्हणालात, "ज्याचं तोंड दिसत न्हाई, त्याच्यासंगं भाव कसा करायचा?"

मी म्हणाले, "भावच करायचा न्हाई. लिहिलाय तेवढाच."

"मग त्यात मजा काय ऱ्हायली?"

तुम्हाला मजा वाटत नव्हती, मला मात्र पहिल्यांदा श्वास घेतल्यासारखं वाटत होतं. कार्डावर मला कुणी बघत नव्हतं. लोकर कुठली, लांबी किती, रंग कोणता, किंमत काय, सगळं मी सावकाश लिहू शकत होते, खोडून परत लिहू शकत होते. मुकी हाय काय, असं विचारणारं कुणी नव्हतं. पहिली दोन घोंगडी गेली, मनिऑर्डर आली. चाचांनी नोटा माझ्या हातावर ठेवल्या आणि मी त्या तशाच तुमच्या हातावर ठेवल्या. तुम्ही नोट उजेडाला धरून बघितलीत. "खरी हाय," म्हणालात, जणू चाचांनी घरी छापली असावी.

वहिनींच्या शेजारणी, त्यांच्या बहिणी, बदली होऊन गेलेले कॉलनीतले आणखी लोक, सगळ्यांची कार्डं यायला लागली. आपल्या मेंढरांची लोकर पुरेना. दुसऱ्या कळपांची लोकर नगद पैसे मोजून घ्यावी लागणार होती आणि घरात नगद नव्हतं. त्या आठवड्यात तुम्ही बाजाराला गेलात ते पाचही शेळ्या घेऊन, आणि आलात ते लोकरीची पोती घेऊन. मी दारात उभी. रिकाम्या खुंट्यांकडं बघून मला रडू यायला लागलं.

"रडतीस कशाला? दान न्हाई दिलं," तुम्ही म्हणालात. "पाच घेऊन आले होते, पाच माज्या दारात परत बांधायच्या. भाऊ हाय मनून सोडनार न्हाई. तुज्याकडनं घेनार, त्याच्याकडनं न्हाई. कार्डं तुज्या नावानं येतात."

त्या शेळ्या म्हणजे काय होतं, हे त्या दिवशी मला पुरतं कळलं. भावाच्या घरात तुमचं स्वतःचं असं तेवढंच होतं. त्याच्या जोरावर तुम्ही या घरात ताठ मानेनं जेवत होता. ते तुम्ही माझ्या अक्षरावर लावलं, ज्या अक्षराची मी प्रत्येक कार्डात माफी मागत होते.

आणि पावसाळ्यात पार्सलं परत आली. चाचा एक ओझं उतरवायचे आणि माझ्याकडं न बघता म्हणायचे, "भाभी, ये भी वापस." त्या खेपेच्या पहिल्या दोघींनी पैसे भरून घेतलं होतं. त्यांचं उघडलेलं घोंगडं बघून बाकीच्यांनी पोस्टमनला दारातूनच परत लावलं. एकीनं कार्ड धाडलं, ओल्या हवेत खळीचा वास येतो. दुसरीनं लिहिलं, सासऱ्यांची पाठ दुखते म्हणून घोंगडे मागवले, त्यावर निजल्यापासून जास्तच दुखते आहे. ते वाचताना तुम्ही हसलात. मग परत आलेल्या ढिगाकडं बघितलंत आणि तुमचं हसू गेलं.

तुमचे भाऊ म्हणाले, "बंद करा हे पोस्टाचं. बाजारात नेऊन टाका, येईल त्या भावाला."

तुम्ही बोलला नाहीत म्हणूनच मला झोप लागेना. येईल त्या भावाला विकलं असतं तर पाचातली एक शेळीसुद्धा परत आली नसती.

मी वहिनींना लिहिलं, तुमच्या घोंगड्याला वास येतो का, खरं कळवावे. त्यांचं उत्तर आलं. मी तर आणल्या आणल्या तीनदा रिठ्याच्या पाण्यातून काढलं, आता मुलगी त्याशिवाय निजत नाही. रागावू नका, पण तुम्हीच धुऊन का पाठवत नाही? मी ते तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही ताडकन उठलात. "धुऊन? पहिलं पानी आपन घालायचं? लोक म्हंतील, गयानं अंगावरचं धुऊन विकलं. ढीग कुजला तरी चालंल." आणि तीन-चार दिवस माझ्याशी अबोला धरलात. तुमचा अबोला म्हणजे भांडी जोरात आपटणं आणि शेळ्या नसतानाही गोठ्यात जाऊन बसणं.

तुम्ही दुधाची जुनी उधारी मागायला कॉलनीकडं गेल्या होत्या त्या सकाळी मी एक घोंगडं डोक्यावर घेतलं आणि धरणाखाली पूर्णेवर गेले. रिठ्याचं पाणी घातलं आणि तुडवायला लागले. खळीचं पाणी पांढरं होऊन वाहत होतं. वर बघते तर काठावर तुम्ही.

"काय करायलीस?"

"धुवायले."

"कुनाचं हाय ते?"

"नाशकाच्या सुमनबाईचं. परत आलेलं."

"तिनं घेतलं न्हाई, मग तिचं कसं?"

"आता घेतील."

"आन तिच्या आदी पानी घालनारी तू कोन?"

मग मी बोलले. एका दमात इतकं मी आधी कधी बोलले नव्हते. म्हणाले, "आक्का, सुमनबाई चाळीत ऱ्हातात. तिथं नळाला पानी येतंय घटकाभर. एवढं मोठं घोंगडं त्यांनी कुठं तुडवावं? मोरीत? त्यांना नदी न्हाई. आपल्याकडं हाय. मी लपवनार न्हाई, धुतलंय मनून चिठ्ठीत लिहिनार. आन तुमच्या पाच शेळ्या ह्या पान्यातून न्हाई आल्या तर कुठूनच येनार न्हाईत."

मला वाटलं, आता माघारी जाल. तुम्ही पिशवी दगडावर ठेवली, लुगडं वर खोचलं आणि पाण्यात आलात.

"नाव काय मनलीस?"

"सुमनबाई."

तुम्ही ओंजळीत पाणी घेतलंत आणि वर तोंड करून, जणू समोरच्या काठावर ती उभी आहे अशा आवाजात म्हणालात, "सुमनबाई, तुमी लांब हाव. तुमचे पाय हितं न्हाईत, आमचे हायेत. हे पहिलं पानी तुमच्या नावानं. मन मोठं करा." घोंगड्यावर पाणी सोडलंत. मग माझा खांदा धरून तुडवायला लागलात, आणि चार पावलं झाली नाहीत तोच परत त्या काठाला ओरडून सांगितलंत, "आन भाव कमी व्हायचा न्हाई बरं का!"

मी इतकी हसले की पाण्यात बसले. त्या दिवशी तुम्हाला तोंड न दिसणारं गिऱ्हाईक दिसायला लागलं. नंतर तर तुम्ही नदीवर त्यांच्याशी घासाघीसच करायच्या. "काय मनलाव कमलताई? महाग? अवो, तुमच्या एका लुगड्यात माजी चार घोंगडी येतील!"

वाळल्यावर ते घोंगडं मऊ झालं, पण वीतभर आखडलं. तुमच्या भावांनी हातानं मोजून बघितलं. "आता नदीसाठी बी वीतभर जास्ती इनायचं का?"

"व्हय," तुम्ही म्हणालात. "नदीचा वाटा."

चिठ्ठी मी लिहिली आणि प्रत्येक पार्सलात घालायला लागले. हे घोंगडे कोरे आहे. खळ काढण्यासाठी नदीच्या पाण्यात तुमचे नाव घेऊन एकदा धुतले आहे. यावर कोणी बसले-निजलेले नाही. तुम्ही ती तीनदा वाचून घेतली आणि पहिल्यांदा माझ्या लिहिण्यात काही खोडायला सांगितलं नाही. सुमनबाईंना आधी लिहून विचारलं, मगच पार्सल परत पाठवलं. त्यांनी घेतलं. वर त्यांचं कार्ड आलं. माझे नाव घेऊन नदीत कोणी धुतले? त्यांना नमस्कार सांगा. माझ्या लेकीचे बाळंतपण आहे, तिच्यासाठी एक पाठवा, पण नाव तिचे घ्या.

आपला धंदा असा वाढला, आक्का. लोक घोंगडं मागवायचे आणि कुणाचं नाव घ्यायचं ते लिहायचे. कुणी म्हाताऱ्या वडिलांचं, कुणी नव्या सुनेचं. कार्ड आलं की मी नाव वाचायची, तुम्ही ते दोनदा म्हणून पाठ करायच्या, आणि नदीवर पोचेपर्यंत त्या माणसाचं वय, स्वभाव, सासर-माहेर सगळं मनानंच ठरवून टाकायच्या. "ह्या इंदूबाई हायेत ना, लय कजाग असनार. दोनदा पानी घाल."

सूत काढायला हात कमी पडायला लागले तेव्हा तुम्ही बौद्धवाड्यातल्या शेवंताला घरी आणलंत. आपल्याच गल्लीतल्या दोघीतिघी कुजबुजल्या. तुम्ही दारातूनच विचारलंत, "सुताला इचारा की जात. सांगतंय का बगू." मग त्यांतलीच एक महिनाभरानं सूत मागायला आली. तिलाही दिलंत, पण शेवंताच्या शेजारी बसवलंत.

आणि शेळ्या. पहिली आली ती पांढऱ्या कानाची. मनिऑर्डरीतून लोकर, मजुरी, तिकिटं वजा करून जे उरायचं, ते मी तुमच्या नावाच्या थैलीत टाकायची. शेळीपुरते झाले की तुम्ही बाजाराला जायच्या आणि मिरवत घेऊन यायच्या. दुसरी आली, तिसरी आली. चौथी आली तेव्हा तुम्ही गल्लीभर सांगितलंत, "माज्या भावजयीच्या अक्षराची शेळी हाय ही." मी लाजून आत पळाले. पण ते वाक्य मी जपून ठेवलं आहे. अंधार पडला, कुणी जवळ नसलं की काढून ऐकते.

पाचवी मात्र आलीच नाही. थैलीत पैसे जमले, तुम्ही बाजाराला गेलात आणि रिकाम्या हातानं परत आलात. शेळी बारकी होती म्हणालात. पुढच्या वेळी भाव जास्त होता. त्याच्या पुढच्या वेळी शेळीची नजर वाईट होती. एकदा तर म्हणालात, "मालकच आवडला न्हाई." वर्ष गेलं, दुसरं गेलं. शेवटी मी चिडले. म्हणाले, "आक्का, तुमाला मला फेडूच द्यायचं न्हाई का?"

तुम्ही सूत काढत होता. टकळीवरून नजर न काढता हसत म्हणालात, "सगळं फिटल्यावर तू मनशील, आता जावा आपल्या वाटनं. एक ऱ्हाऊ दे तुज्याकडं. माजं काईतरी ह्या घराकडं येनं हाय, एवढं मला असू दे."

तुम्ही हसत होता म्हणून मीही हसले. पण मला कळलं होतं. तेव्हा म्हणायचं होतं, की आक्का, शेळीवर काय अडलंय? हा माग, ही कार्डं, माझ्या तोंडातला हा एवढासा आवाज, सगळ्यात तुमचं येणं आहे. घर तुमचंच आहे. ओठापर्यंत आलं होतं. तिथंच खळ लागल्यासारखं अडकलं. मनात म्हणाले, कधीतरी सांगू.

हिवाळ्यात तुमचा खोकला वाढला. विद्यापीठाचं नामांतर झालं ते त्याच दिवसांत. गडबडीत एसट्या बंद पडल्या, पार्सलं पोस्टात अडकली. शेवंता पेढे घेऊन आली. दारातच थांबली होती, कारण गावात सगळ्यांचीच तोंडं गोड नव्हती. तुम्ही अंथरुणातून हात पुढं केलात, पेढा खाल्लात आणि खोकत खोकत म्हणालात, "बरं झालं गं. नाव घेतलं की मानूस समोर येतंय. ह्यात कुनाचं काय जातंय?" शेवंता तुमच्या पायाशी बसून रडली. मग दोघींनी मिळून मला चहा टाकायला लावला.

त्यानंतर तुम्ही नदीवर आला नाहीत. मी एकटी जायची, नाव घ्यायची, पण मनातल्या मनात. घरी आले की तुम्ही विचारायच्या, "मोठ्यानं घेतलंस का?" मी हो म्हणायची. तुम्हाला खोटं कळायचं. "त्यांला ऐकू गेलं पायजे," म्हणायच्या. "लांब हायेत."

तेराव्याचा खर्च निघाला तेव्हा तुमच्या भावांनी थैलीकडं बघितलं. वाईट मनानं नाही. म्हणाले, "तिचेच पैसे हायेत, तिच्याच तेराव्याला लावू." चार पाहुणे बसले होते. मी पदर सावरला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "न्हाई. हे शेळीचे हायेत." पुढं काही सुचलं नाही, पण तेवढं पुरलं. त्यांनी थैली माझ्याकडं सरकवली. मग म्हणाले, "बरं. शेळीचे."

काल मी बाजाराला गेले. एकटी. शेळ्यांच्या रांगेतून दोनदा फिरले. तपकिरी रंगाची एक होती, पाय मजबूत, नजर चांगली. मालकानं भाव सांगितला. मला तुमच्यासारखं काही बोलायचं होतं, पण सुचेना. मी शेळीचे दात बघितले आणि गप्प उभी राहिले. तो म्हणाला, "बरं, धा कमी करा." मी कासेला हात लावून बघितला आणि गप्पच. "बाई, तुमी लय पक्क्या दिसताव. अजून पाच सोडतो. आता बोला की कायतरी." आक्का, गप्प बसूनसुद्धा भाव होतो, हे मला तुम्हाला कधी दाखवता आलं नाही. ऐकून तुम्ही तोंडाला पदर लावून हसला असता.

मग पावती करायला गेले. पावतीवाल्यानं मान वर न करता विचारलं, "घेनाऱ्याचं नाव?" मी सांगितलं. बाजाराच्या गोंगाटात त्याला ऐकू गेलं नाही. "मोठ्यानं बोला, बाई."

मी मोठ्यानं बोलले. गयाबाई, म्हणाले. इतकं मोठ्यानं की शेजारचा घोंगडीवाला, माझ्या मुकेपणाची गोष्ट सगळ्यांना ऐकवणारा तोच तो, आता म्हातारा झालेला, वळून बघायला लागला. परत एकदा म्हणाले, गयाबाई. पावतीवाल्यानं लिहून घेतलं.

भाव कमी झाल्यामुळं थैलीत थोडे पैसे उरले. ते माझे नव्हते, घरी कसे न्यायचे? शेळीच्या गळ्यात बांधायला घुंगरू घेतलं. सौदा चांगला झाला की तुम्ही ज्या टपरीवर भजी आणि चहा घ्यायच्या, तिथं गेले. बाकड्यावर बसले, पदर न ओढता. तुमच्या नावानं भजी मागवली आणि माझ्या तोंडानं खाल्ली. तिखट होती. चहा घेतला. शेवटची नाणी टपरीवाल्याला दिली.

घरी आले तेव्हा तुमचे भाऊ माग सोडून दारात आले. नव्या जनावराच्या पायावर पाणी घालायला त्यांनी तांब्या आणला आणि माझ्या हातात दिला. शेवंता टकळी हातात धरून उभी होती. मी पाणी घातलं आणि तुमचं नाव घेतलं, तुम्हाला ऐकू जाईल असं. लांब आहात म्हणून. मग पाचव्या खुंटीला शेळी बांधली. थैली उलटी करून झटकली, त्यातून थोडा लोकरीचा तूस पडला.

फिटले, आक्का. पै न पै फिटले.